उसनं कपाळ

१

अख्ख्या वसई तालुक्यात मेलेल्या माणसाच्या तोंडावर पुन्हा तुकतुकी आणणारा हात एकच, आणि तो आपला, असं भुईगावचा जयवंत छातीवर तळवा ठेवून सांगायचा. सांगून झालं की पुढचं स्वतःच जोडायचा, "म्हणजे दुसरं कुणी हे काम करतच नाही. आणि एकदा एका विधवेला तिच्या नवऱ्याचा फोटो दुरुस्त करून दिला, तर ती म्हणाली, फोटो एक नंबर झालाय हो, फक्त हा माणूस कोण तेवढं सांगा."

जयवंताचं वय त्र्याहत्तर. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावल्यामुळे मध्येच आटोपलेली. पुढे चाळीस वर्षं वसई गावात फोटो स्टुडिओ. लोकांच्या हातात मोबाइल आले तसं शटर खाली ओढलं आणि भिंग, बारीक कुंचले, काळ्या रंगाची वडी असा संसार उचलून घरच्या पडवीत आणला. समोर केळीची वाडी, डोक्यावर पंखा, आत बायको आशालता. फोटोतली चीर बुजवायची, डाग घालवायचा, गेलेला डोळा परत आणायचा. आणि मध्येच एखादी खोडी करून ठेवायची. एका लग्नाच्या ज्युबिलीच्या फोटोत मागच्या रांगेत त्याने बैलाचं तोंड रंगवलं होतं. ते अकरा वर्षांनी एका पाहुण्याला दिसलं. तोवर तो फोटो हॉलमध्ये सन्मानाने लटकत होता.

जानेवारीत मर्सी टीचर आल्या. शाळेत विज्ञान शिकवतात, बोलताना समोरचा माणूस पाचवीत आहे असं धरून चालतात. रिक्षातून त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेले मोठे मोठे फोटो उतरवले. सगळे काळे-पांढरे, सगळे शास्त्रज्ञ. शाळेच्या पहिल्या फादरनी परदेशातून आणलेले, प्रयोगशाळेच्या कपाटात ओल धरून सडलेले.

"काका, अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन. तोवर हे सगळे भिंतीवर हवेत."

जयवंताने एकेक उलटून पाहिला. "ह्यात तो सफरचंदवाला कुठं दिसत नाही?"

"त्याच्या काळी कॅमेरा नव्हता, काका."

"वाचला बिचारा माझ्या हातून."

"मी मोबाइलवर एका अ‍ॅपमध्ये टाकून बघितले," टीचर म्हणाल्या. "सगळ्यांची कातडी साबणाच्या जाहिरातीसारखी झाली. आणि सगळे एकमेकांचे चुलतभाऊ दिसायला लागले."

नावं इंग्रजीत होती. जयवंताने ती वाचायची तसदी घेतली नाही. त्याने आपली बारशी उरकली. दाढीवाला. विस्कटलेला. बल्बवाला. आणि एका फोटोत टेबलाशी बसलेली, काळ्या कपड्यांतली, अजिबात न हसणारी बाई, शेजारी उभा तिचा नवरा.

"ही रेडियमवाली ना? घड्याळाचे काटे रात्री चमकतात ते?"

"तेवढंच नाही हो काका..." टीचर सुरू होणार होत्या, पण आतून आशालता सरबत घेऊन आली आणि विज्ञान तिथंच थांबलं.

२

फोटोतला एखादा भाग नुसता खराब असेल तर तो सुधारता येतो. पण भाग मुळातच गेला असेल तर? बल्बवाल्याचा डावा कान कसरीने खाल्ला होता. बाईच्या उजव्या हाताची बोटं बुरशीत गेली होती. नवऱ्याच्या भुवयांपासून वर काही उरलंच नव्हतं, नुसता पुठ्ठा.

अशा वेळी उसनं घ्यायचं, ही धंद्याची रीत. दुसऱ्या कुणाचा तरी कान समोर ठेवायचा आणि सावलीला सावली, उजेडाला उजेड लावत तो इथं उतरवायचा. कापायचं नाही, चिकटवायचं नाही. जयवंताने जन्मभर उसनं घेतलं ते गेलेल्या माणसांचं. कारण काही फार मोठं नाही, स्टुडिओत पडून राहिलेले फोटो त्यांचेच असायचे.

पण ह्या वेळी त्याच्या डोक्यात खोडी वळवळली. अठ्ठावीस तारखेला मोठमोठे पाहुणे येणार, हात जोडून ह्या थोर लोकांसमोर उभे राहणार. आणि ते हात जोडणार कुणाला? भुईगावच्या कानाला! पाचूबंदरच्या नाकाला! ह्या विचाराने तो पडवीत एकटाच इतका हसला की आशालता आतून म्हणाली, "परवासारखा ठसका लागेल. पाणी प्या."

बल्बवाल्याला कान दिला फ्रेडरिकचा. फ्रेडरिक पाचूबंदरचा कोळी, वयाने जयवंताएवढाच, बोट मुलाच्या हवाली करून दर दोन दिवसांनी इथं गप्पा छाटायला येणारा. तो बोंबलांच्या भावावर बोलत बसला आणि जयवंत भिंग लावून त्याचा कान चोरत राहिला.

बाईला बोटं दिली आशालताची. ती समोर बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

"काय टक लावून बघताय? लग्नात नाही बघितलंत एवढं."

"लग्नात हात मेंदीनं झाकलेले होते."

आणि नवऱ्याला कपाळ दिलं सुजयचं. सुजय त्यांचा एकुलता एक, चौतीस वर्षांचा, नालासोपाऱ्याला एका कंपनीत मालाची तपासणी करणारा. त्याचा पासपोर्ट फोटो बिस्किटांच्या डब्यात, स्टुडिओतून आणलेल्या जुन्या फोटोंत होता. रुंद कपाळ, मध्ये आडवी एक बारीक आठी, त्यावरून मागे गेलेले केस. नवऱ्याला ते इतकं शोभून दिसलं की जयवंताला वाटलं, हा माणूस आपला जावई असता तर बरं झालं असतं.

३

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फ्रेडरिक आला आणि नेहमीच्या खुर्चीत न बसता दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसला.

"तिथं का रे? खुर्चीला काय काटे आले?"

"ह्या बाजूनं बोल. डाव्या कानात पानी गेलंय वाटतं. आठ दिस झाले, काय ऐकायलाच येत नाय."

"सत्तर वर्षं समुद्रात काढलीस. आता पाणी जातंय?"

"तेच तर. डॉक्टर बोलला, आत कायच नाय, साफ हाय. पन ऐकू नाय येत."

जयवंत त्याला दिवसभर उजवीकडून शिव्या देत राहिला आणि डावीकडून त्याहून वाईट देत राहिला. फ्रेडरिकला डावीकडच्या कळल्या नाहीत. मजा आली.

दुसऱ्या दिवशी मर्सी टीचर कार्डं वाचायला आल्या. प्रत्येक फोटोखाली लावायला त्यांनी चार-चार ओळी लिहिल्या होत्या.

"तुम्हाला कळलं की पाचवीला कळेल, म्हणून तुम्हाला वाचून दाखवते."

"मला कळलं तर पाचवीचा अपमान आहे."

टीचरनी बल्बवाल्याचं कार्ड वाचलं. किती शोध लावले, किती वेळा हरला. शेवटची ओळ होती, "लहानपणापासूनच त्यांना फार कमी ऐकू येत असे."

जयवंताच्या हातातला कुंचला थांबला. "कुठला कान?"

"दोन्ही म्हणे. एक जास्तच. का हो?"

"काही नाही. बहिऱ्या माणसाला मी इतका सुंदर कान काढला, वाया गेला."

टीचर हसल्या. जयवंतही हसला. पण त्या गेल्यावर त्याने बल्बवाला पुन्हा भिंगाखाली घेतला. कान बरोबर होता. फ्रेडरिकच्या पाळीवरचा तीळसुद्धा. आपण तीळ काढला होता का? काढला असेल. हात चालतो तेव्हा माणूस कुठं लक्ष देतो. आणि पंच्याहत्तरीकडे झुकलेल्या कोळ्याचा कान गेला, ह्यात शोध कसला? उद्या त्याचे दात पडले तर कुणाच्या नावावर लिहायचे?

४

आशालताने आठवड्याभरात तीन कप फोडले.

"पकडच येत नाही," ती म्हणाली. "हे बघा."

उजव्या हाताची बोटं, फक्त टोकं. कातडी जाड झालेली, पिवळट, मध्ये चिरा. भाजल्यासारखी. डॉक्टरांनी भांड्यांच्या साबणावर खापर फोडलं, मलम दिलं. आशालताने साबण बदलला. चिरा वाढल्या. ती आता बसल्या जागी अंगठा त्या टोकांवरून फिरवत राहायची, एकेका बोटावरून, जपमाळ ओढल्यासारखा.

"ते नको करू," जयवंत म्हणाला.

"मुद्दाम नाही करत. होतं आपोआप."

जयवंताने रेडियमवाल्या बाईचं कार्ड मागवून घेतलं. मागवून म्हणजे टीचरना फोन केला आणि उगाच विचारलं, "त्या बाईला हाताचा काही त्रास होता का?"

"अय्या काका, तुम्ही वाचायला लागलात? होता ना! रेडियम हाताळून हाताळून बोटांची टोकं जळली होती. जाड झाली होती. अंगठा सारखा त्यांवर चोळत असे म्हणतात."

जयवंताने फोन ठेवला आणि फोटो घेतला. पडवीत ऊन होतं, वाडीत पंप चालू होता, सगळं जागच्या जागी होतं. भिंगातून त्याने बाईचा हात पाहिला. आशालताची बोटं, शेंग सोलताना असतात तशी किंचित वाकलेली, त्यानेच काढलेली. फक्त अंगठा त्याने बोटांपासून दूर रेखला होता. त्याला पक्कं आठवत होतं, कारण तिथली सावली दोनदा चुकली होती. आता तो अंगठा पहिल्या बोटाच्या टोकावर टेकलेला होता.

डोळ्यांचं ऑपरेशन दोन वर्षांमागे झालं. भिंगही जुनं. त्याने भिंग पुसलं, डोळे पुसले. अंगठा होता तिथंच होता.

बरं, मग पुसून टाकू. बोटांना हात लावायची त्याची छाती झाली नाही, म्हणून आधी कान घेतला. ओल्या कापसाने बल्बवाल्याचा कान हळूहळू धुतला. रंग कापसावर आला, खाली पांढरा पुठ्ठा दिसला. सकाळचे अकरा वाजले होते.

चारला फ्रेडरिकचा मुलगा सांगायला आला. पप्पांचा कान अकराच्या सुमाराला एकदम फुटला, रक्त आलं, बंगलीच्या इस्पितळात नेलंय. आता डॉक्टर म्हणतात, पडदाच उरला नाही.

जयवंताने पंपाचा आवाज थांबेपर्यंत ऐकला. मग त्याच दिवशी बिस्किटांच्या डब्यातून एका मेलेल्या माणसाचा कान शोधला आणि बल्बवाल्याला लावला. त्याने फ्रेडरिकला काही फरक पडला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. एवढं मात्र कळलं. पुसायचं नाही. काही करायचं तर वरून चढवायचं.

५

सव्वीस तारखेला दुपारी तीनला टीचर शेवटची कार्डं घेऊन आल्या. जयवंताने ह्या वेळी एकही टोमणा मारला नाही. टीचरना ते खटकलं.

"बरं नाही का, काका?"

"वाचा."

"अहो, एक राहिलाच होता. बाईचा नवरा. त्याला वेगळं कार्ड नको म्हणून मी दोन ओळी बाईच्याच कार्डात घातल्यात. ऐका. 'त्यांचे पतीही थोर शास्त्रज्ञ होते. पावसात रस्ता ओलांडताना पाय घसरून ते घोडागाडीखाली आले. मागचे चाक डोक्यावरून गेल्याने जागीच मृत्यू झाला.'"

पडवीत आशालता अंगठा फिरवत बसली होती. अंगठा थांबला. तिला काही सांगितलेलं नव्हतं, पण बायकोला काय सांगावं लागतं?

"मागचं चाक," जयवंत म्हणाला.

"हो. पुढचं चुकलं म्हणे. सोपं करू का अजून?"

"नको. पाचवीला कळेल."

टीचर उद्या फोटो न्यायला येते म्हणून गेल्या. गेटची कडी वाजायच्या आधी जयवंताने सुजयला फोन लावला.

"बाबा, आत्ताच तुमची आठवण काढली!" सुजय हसत होता. "ऐका काय झालं. समोर चहाला जात होतो. पाण्याच्या टँकरवाल्यांनी सांडून सांडून रस्ता बुळबुळीत केलाय. सटकलो ना! एकानं मागून कॉलर धरली म्हणून बरं. हातातलं हेल्मेट गेलं घरंगळत, आणि टँकर बरोब्बर त्यावरून. पापड झाला हेल्मेटचा!"

"कुठलं चाक?"

"काय?"

"चाक कुठलं गेलं?"

"मागचं. पुढचं चुकलं. का?"

"सुजय, मी काय सांगतो ते ऐक. कंपनीत आत जाऊन बस. मी सांगेपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही."

"का? विहिरीत परत मगर आलीय का?"

मागच्या वर्षी जयवंताने ह्याच आवाजात, अस्साच घाबराघुबरा होऊन त्याला मगरीचा फोन केला होता. सुजय अर्धी शिफ्ट टाकून आला होता आणि विहिरीत फुगवलेली ट्यूब पाहून दोन दिवस बापाशी बोलला नव्हता.

"ह्या वेळी खरं आहे रे."

"त्या वेळीही खरंच होतं. साडेपाचला सुटतो बाबा, ठेवतो." फोन बंद.

६

आशालताने भिंग उचललं आणि स्वतःच फोटोत पाहिलं. आधी बाईचा हात. मग नवऱ्याचं कपाळ.

"ही रेघ तुम्ही काढलीत?"

जयवंताने पाहिलं. कपाळावर, आठीच्या वर, एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत करड्या रंगाचा फिकट पट्टा. काडीएवढा रुंद. त्याच्या कडेला बारीक नक्षी, खाच, उंचवटा, खाच, उंचवटा. घोडागाडीच्या चाकाला अशी नक्षी नसते. ही रबराची होती.

"नाही," तो म्हणाला.

"पुसा."

"पुसायचं नाही. फ्रेडरिकचं पुसलं तर..." मग त्याने तिला सगळं सांगितलं. कान, शेंगा, बिस्किटांचा डबा. अर्ध्यावर त्याला स्वतःच्याच तोंडचं खोटं वाटायला लागलं, इतकी वर्षं खोटं बोलायची सवय. आशालताने मात्र एकदाही 'काहीतरीच काय' म्हटलं नाही. हात पुढे करून बोटं त्याला दाखवली, जशी काही पावती.

"वरून चढवता येतं म्हणालात. मग चढवा. कुणाचं तरी."

"डब्यातलं घेतो. गेलेल्या कुणाचं."

"गेलेल्याला गाठायला कोण येतं? ते चाक यायचं तिथंच यायचं, सुजयकडे." ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "जिवंत कपाळ लागेल."

वाडीत वाऱ्याने केळीची पानं सळसळली. दोघांनीही गेटकडे बघितलं. गेटवर कुणी नव्हतं.

"आधी तुझी बोटं करू का?" त्याने विचारलं. "माझ्या हाताची लावतो."

"माझी बोटं राहू द्या मेली. आधी पोराचं बघा. साडेपाचला सुटतो तो."

दाढीचा आरसा खिळ्याला टांगला. जयवंत बसला. जन्मभर त्याने दुसऱ्यांची तोंडं काढली, स्वतःचं कधी धड बघितलंही नव्हतं. आता बघितलं. कपाळावर सत्तर-बहात्तर वर्षांच्या चेष्टेच्या रेघा होत्या. त्याने कुंचला ओला केला आणि कपाळ उतरवायला घेतलं. सावलीला सावली, उजेडाला उजेड. हात चालायला लागला. पट्ट्यावरून रंग चढेना. दोनदा चढवला, दोनदा पट्टा वर आला. तिसऱ्यांदा त्याने तो पट्टा झाकायचा नाद सोडला, तिथं आपल्या आठ्या काढल्या, एकाखाली एक. आणि हळूहळू पट्टा त्या आठ्यांत शिरला. दिसेनासा झाला. गेला की आत गेला, कोण सांगणार.

मागे आशालता उभी. मोबाइल तिच्या डाव्या हातात, उजवा पदरात. पाच वीस. पाच पंचवीस.

"झालं," जयवंत म्हणाला. अंगठ्याने कपाळ दाबून बघितलं, आपलंच. काही दुखत नव्हतं. मग त्याची जुनी खोड उसळली आणि तो खुदकन हसला. "आता ते चाक येऊ दे माझ्या मागे. मी पडवीतून हलतच नाही. टँकर काय पडवीत येतोय? उद्या विज्ञान, परवा विज्ञान, मी इथंच. जेवण इथं आणून दे."

आशालता हसली नाही. मोबाइल वाजला होता. तिने वाचून दाखवलं. "'सुटलो. बाइक रस्त्यापलीकडे लावलीय. येतो.'"

"येऊ दे. आता घाबरायचं काम नाही." त्याने फोटो तिच्यासमोर धरला, अगदी गिऱ्हाइकासमोर धरायचा तसा, थोडा तिरका, उजेडाकडे. "बघ तरी. सुजयचं होतं तिथं माझं बसवलं, आणि सांध्याचा पत्ता नाही. बाप-लेकाचं कपाळ एकाच साच्यातलं, मर्सी टीचरला भिंग दिलं तरी फरक कळायचा नाही."

आशालताने फोटो बघितला. मग त्याच्याकडे. मग हातातल्या मोबाइलकडे.

"मलाही नाही कळत," ती म्हणाली. "मग त्या चाकाला कसा कळायचा?"